दाराचं पॅड बसवण्याआधी पाण्याचा बंदोबस्त
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्यांची देखभाल

या अंकात बडोद्याच्या वाचकांनी दाराच्या आतल्या पॅडविषयी, म्हणजे दाराच्या आतल्या पत्र्यावर क्लिपांनी बसवलेल्या, रेक्झिनने मढवलेल्या बोर्डाविषयी विचारलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. तुमचा प्रश्न फक्त रेक्झिनचा किंवा फक्त क्लिपांचा असला, तरी पहिलं उत्तर आधी वाचा. पुढची बरीच दुखणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : आमची १९७२ची अ‍ॅम्बॅसेडर मार्क २ आहे. ऑगस्ट २०२४च्या पुरात ती कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत अर्ध्या दारापर्यंत पाण्यात होती. इंजिन, ब्रेक आणि वायरिंगचं काम करून घेतलं. दारांची पॅड खालून फुगली होती, ती वाळवून परत बसवली. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात गाडी पाण्यात गेली नसतानाही ती पुन्हा फुगली. आता चारही नवीन करायची आहेत. तीही फुगतील का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : दार आहे तसंच ठेवलंत तर हो, फुगतील. पाऊस पडला की काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या रबरी पट्टीला ओलांडून थोडंफार दाराच्या पोटात उतरतंच. गाडी नवीन असतानाही उतरत होतं. तुमच्या गाडीच्या पुढच्या दारांना त्रिकोणी काच आहे, तिच्या रबरातूनही येतं. हे पाणी येणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. ते आतल्या आत खाली यावं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडावं, अशी योजना असते. पॅड कोरडं राहतं ते पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये असलेल्या पडद्यामुळे. कारखान्यातून गाड्या आल्या तेव्हा तिथे डांबरी किंवा मेणाचा कागद असे. पन्नास वर्षांत तो फाटतो, किंवा काचेचं मशीन, म्हणजे काच वरखाली करणारी यंत्रणा, दुरुस्त करताना कोणीतरी काढून टाकतं आणि परत लावत नाही. तुमच्या दारात तो बहुधा नसेलच. पुरात उरलासुरला गेला असेल.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. पॅड काढून आधी तळाची भोकं शोधा. पुराचा गाळ, जुना अंडरकोट (पत्र्याला गंजापासून वाचवणारा लेप) आणि गंज यांनी ती बुजलेली असतात. तारेने किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरने मोकळी करा. मग वरून स्वच्छ पाणी सोडून आतला गाळ धुवा. गाळ राहिला तर तो ओलावा धरून ठेवतो आणि दाराचा खालचा जोड आतून कुजतो. बाहेरून रंगाला फोड येईपर्यंत ते कळत नाही. दार दोन-तीन दिवस उघडं ठेवून वाळवा. गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज निष्क्रिय करणारं द्रावण, लावा, आणि ते सुकल्यावर खालच्या जोडात पोकळीत मारायचं मेण, म्हणजे कॅव्हिटी वॅक्स, फवारा. जळकं इंजिन ऑइल ओतायचा सल्ला अनेकजण देतात. तो ऐकू नका. तेलाने काचेच्या चॅनलचं रबर आणि फेल्ट खराब होतं आणि तेल पॅडच्या पाठीला चढतं.

आता परीक्षा. काच वर चढवा आणि बाहेरून तिच्या तळाशी मगभर पाणी हळूहळू ओता. बॅटरीने आत बघा. सगळं पाणी दाराच्या तळाशी जाऊन भोकांतून बाहेर आलं पाहिजे. आतल्या पत्र्याच्या भोकांतून तुमच्या बाजूला एक ओघळ जरी आला, तरी ती जागा खडूने खुणावून ठेवा.

पडद्यासाठी २०० मायक्रॉन जाडीचं काळं पॉलिथीन घ्या, बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतं. पातळ पिशवीचं प्लास्टिक चालत नाही, क्लिपा आणि मशीनच्या कडांनी ते फाटतं. चिकटवायला ब्युटाइल टेप वापरा. ती कायम मऊ राहते, त्यामुळे पुढे मशीन दुरुस्त करताना पडदा न फाडता सोडवता येतो. हँडलच्या दांड्यासाठी छोटी फुली कापा, मोठं भोक पाडू नका. खालचा काठ सर्वांत महत्त्वाचा आहे. आतल्या पत्र्याला तळाशी लांबट खाच असेल तर पडद्याचा खालचा काठ दोन-तीन इंच आत, दाराच्या पोटात सोडा, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी परत दारातच जाईल. खाच नसेल तर खालचा काठ टेपने पत्र्याला सलग चिकटवा. काठ पत्र्याच्या बाहेर लोंबता राहिला तर सगळं पाणी पॅडच्या खालच्या कडेवर उतरतं. तुमच्याकडे पॅड खालूनच फुगतात, त्याचं कारण हेच.

जुनी पॅड वाळवून सपाट करायच्या मागे लागू नका. हार्डबोर्ड म्हणजे उष्णतेने आणि दाबाने दाबलेले लाकडाचे तंतू. एकदा पाणी पिऊन ते सुटले की चहात बुडवलेल्या खारीसारखा बोर्ड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, वजनाखाली ठेवला तरी. पण जुनं पॅड टाकूही नका. रेक्झिनच्या शिवणी, चकाकत्या पट्टीची जागा आणि आर्मरेस्टची भोकं त्यावरून मोजायची आहेत. रेक्झिनचा मूळ रंगही तिथेच सापडेल. बोर्डाच्या मागे दुमडलेल्या काठाला ऊन लागलेलं नसतं, म्हणून दुकानात नमुना द्यायचा तो तिथला तुकडा कापून द्या. समोरच्या, उन्हाने उडालेल्या रंगावरून घेतलेलं रेक्झिन कधीच जुळत नाही.

प्रश्न : सुतार म्हणतो हार्डबोर्ड आता कोणी वापरत नाही, ४ मिलिमीटरचं प्लाय लावू. कुशनवाला एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड) सुचवतो. काय घ्यावं? आणि चार दारांना किती सामान लागेल?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ३ मिलिमीटर जाडीचा टेम्पर्ड, म्हणजे तेल मुरवून पक्का केलेला हार्डबोर्ड मिळाला तर तोच घ्या. तो न मिळाल्यास ३ मिलिमीटरचं मरीन प्लाय. एमडीएफ नको. बडोद्यातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच्या कापलेल्या कडा पाणी न लागताही फुलतात, आणि क्लिपच्या खाचेपाशी तो भुसभुशीत होऊन तुटतो. ४ मिलिमीटरच्या प्लायचा त्रास वेगळा आहे. क्लिपची मान मूळ बोर्डाच्या जाडीइतकीच लांब असते. बोर्ड एक मिलिमीटर जाड झाला की क्लिप भोकात पूर्ण शिरत नाही, पॅड पत्र्यापासून उचललेलं राहतं, आणि काच फिरवायचं हँडल त्याला घासून जड फिरतं. मग लोक काचेच्या मशीनला दोष देतात.

मापासाठी जुन्या पॅडवर विसंबू नका आणि डाव्या दाराचा साचा उलटा करून उजव्याला लावू नका. पन्नास वर्षांत एखाद्या दाराचं डेंटिंग झालेलंच असतं आणि भोकं दोन-चार मिलिमीटर सरकलेली असतात. प्रत्येक दाराचा जाड पुठ्ठ्याचा स्वतंत्र साचा करा. दारावरच्या प्रत्येक क्लिपच्या भोकाभोवती ग्रीसचं बारीक कडं काढा, पुठ्ठा नेमका जागेवर धरून दाबा, म्हणजे सगळ्या भोकांचा ठसा उमटेल. हँडलच्या आणि लॉकच्या दांड्यांचंही असंच करा. साच्यावर ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ असं लिहा आणि कुठली बाजू दाराकडे आहे तेही लिहा. बोर्ड कापताना चारही बाजूंनी २ मिलिमीटर कमी ठेवा, कारण रेक्झिन दुमडल्यावर ती जागा भरते. ही सूट सोडली नाही तर पॅडची कड दाराच्या बीडिंगला (कडेच्या पट्टीला) अडते आणि पॅड मध्ये फुगून उभं राहतं.

भोकं पाडून झाल्यावर आणि रेक्झिन चढवण्याआधी बोर्ड सील करा. पॉलियुरेथेन वॉर्निश किंवा ऑइल प्रायमर पाठीला दोन हात, कडांना आणि क्लिपच्या खाचांच्या आतल्या बाजूला तीन हात. पाणी कडेतून आणि भोकातून आत शिरतं, सपाट पाठीतून फारसं नाही. चोवीस तास सुकू द्या. मग जिथे रेक्झिन चिकटणार आहे तिथे १२० नंबरचा पॉलिशपेपर मारा, नाहीतर सोल्यूशन (रेक्झिन चिकटवायचं रबरी चिकटद्रव्य) गुळगुळीत वॉर्निशवरून सुटून येतं.

सामानाचा हिशेब पॅड साधारण तीन फूट बाय दोन फूट धरून सांगतो, तुमच्या मापाप्रमाणे बदला. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये अशी पाच पॅड निघतात, म्हणजे चार दारं आणि चुकलं तर एक जादा. रेक्झिन ५४ इंच पन्ह्याचं येतं. प्रत्येक बाजूला दोन इंच दुमडण धरली की एका पॅडला ४० बाय २८ इंच तुकडा लागतो. लांबी पन्ह्यात टाकली तर चार पॅडना ११२ इंच, म्हणजे तीन मीटरला थोडं कमी. साडेतीन मीटर घ्या आणि एकाच रोलमधून, एकाच वेळी घ्या. पुढच्या रोलचा रंग थोडा वेगळा निघतो आणि शेजारशेजारच्या दारांवर ते लगेच दिसतं. चारही तुकड्यांचा दाणा एकाच दिशेला ठेवा. सोल्यूशन एक लिटर पुरतं. क्लिपा दारावरची भोकं मोजून तेवढ्या आणि वर पाचवा हिस्सा जास्त.

प्रश्न : माझ्या फियाट ११०० डीची पॅड दोन वर्षांपूर्वी करून घेतली. मे महिन्यात रेक्झिनला फुगे आले आणि खालच्या कोपऱ्यात ते सुटलं. कारीगर म्हणतो उन्हाने असं होतंच. खरं आहे का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : ऊन निमित्त आहे, मूळ दोष चिकटवण्यात आहे. एका कोपऱ्यातून रेक्झिन उचलून बघा. खाली पाण्यात पांढुरका होऊन मऊ पडणारा थर दिसला तर लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल वापरला आहे. तो रेक्झिनवर धरत नाही आणि ओलाव्याने सुटतो. पिवळसर, रबरासारखा ओढला जाणारा थर असेल तर सोल्यूशन बरोबर, पण लावण्याची वेळ चुकली आहे.

सिंथेटिक रबराचं सोल्यूशन, म्हणजे फेव्हिकॉल एसआर जातीचं, दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावायचं असतं आणि मग थांबायचं असतं. साधारण १० ते १५ मिनिटांनी बोट टेकवलं तर बोटाला लागत नाही, तेव्हाच दोन्ही जोडायचे. ओलं असताना दाबलं तर विद्रावक आत अडकतो. पुढे बंद गाडी उन्हात तापली की त्याची वाफ होते आणि रेक्झिन उचलते. तुमचे फुगे बहुतेक याचेच असावेत. पावसाळ्यात काम केलं असेल तर आणखी एक गोष्ट घडते. विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बारीक धुक्यासारखं बसतं. वरून सुकल्यासारखं दिसतं, पण मध्ये पाण्याचा थर असतो आणि जोड धरत नाही. बडोद्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. पावसाळ्यातच करणं भाग असेल तर कोरडा दिवस बघून दुपारी करा. सोल्यूशनची वाफ डोक्यात जाते आणि पेटतेही, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ शेगडी, गॅस, सिगरेट काही नको.

रेक्झिन सबंध बोर्डावर चिकटवायची गरजच नसते. समोर फोमचा पातळ थर, त्यावर रेक्झिन सैल न सोडता ओढून, आणि सोल्यूशन फक्त मागे दुमडलेल्या काठाला. अशा पॅडला फुगा येत नाही, कारण फुगायला चिकटवलेला भागच नसतो. रेक्झिन जमिनीवर उलटं पसरा, बोर्ड त्यावर ठेवा, आधी लांब सरळ बाजूंच्या मध्यावर चिकटवा आणि मध्यापासून कोपऱ्यांकडे जा. कोपऱ्यापासून सुरुवात केली की मध्ये चुणी उरते आणि ती काढता येत नाही. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर दुमडणीत त्रिकोणी खाचा कापा. आतल्या वळणावर सरळ चीर द्या, पण बोर्डाच्या कडेपासून २ मिलिमीटर आधी थांबा, नाहीतर चीर समोर दिसते. स्टेपल मारायचे असतील तर ४ मिलिमीटर पायाचे. ६ मिलिमीटरचे ३ मिलिमीटरच्या बोर्डातून आरपार जातात आणि समोरून रेक्झिनला टोचतात. पहिल्या दिवशी दिसत नाही, पण त्यावर कोपर टेकला की दिसतं.

आतल्या थराला साधा पिवळा फोम वापरू नका. उष्णता आणि दमटपणा यांनी काही वर्षांत त्याचा भुगा होतो. बंद पेशींचा ३ मिलिमीटरचा एक्सएलपीई फोम घ्या, तो पाणी पीत नाही. ज्यांना मूळ रूप हवं आहे त्यांनी एक गोष्ट तपासावी. जुन्या पॅडवरच्या उभ्या रेघांत दोरा आहे की रेघ नुसती उष्णतेने दाबलेली आहे? दाबलेल्या रेघेच्या जागी शिलाई घातली तर जाणकाराला लांबूनही कळतं. शिलाई करायचीच असेल तर आधी रेक्झिन, फोम आणि मागचं कापड एकत्र शिवा, मगच मापाला कापा. आधी कापलं तर शिवताना ते आखडतं आणि पॅडला कमी पडतं.

प्रश्न : पॅड नवीन, क्लिपा नवीन, तरी दार आपटलं की खालच्या दोन-तीन क्लिपा सुटतात. मेकॅनिक म्हणतो समोरून चार स्क्रू मारून टाकू.
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : स्क्रू मारू नका. ज्या गाडीला कारखान्यातून कप वॉशरवाले स्क्रू होते तिथे ते शोभतात. क्लिपवाल्या पॅडला मारले की समोरचं रेक्झिन कायमचं भोकाळतं, आणि आत स्क्रूचं टोक काचेला लागण्याची भीती राहते. काच खाली येते तेव्हा ती याच जागेतून जाते.

क्लिप का सुटते ते एक सुटलेली क्लिप हातात घेऊन बघा. दारावरचं भोक व्हर्नियरने मोजा. गंजाने भोक मोठं आणि कडेने पातळ झालं असेल तर कुठलीच क्लिप धरणार नाही. तिथे मागून छोटी पत्र्याची चकती वेल्ड करून नव्याने भोक पाडावं लागतं. भोकाच्या कडेला रंगाचा जाड थर चढला असेल तर उलट होतं. क्लिप अर्धीच शिरते आणि वर हाताने दाबून बसल्यासारखी वाटते. गोल कानशीने रंग काढा आणि उघड्या पत्र्याला प्रायमर लावा. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपांचा दांडा मूळ पोलादी क्लिपेपेक्षा जाड किंवा बारीक असतो. दुकानात जाताना मूळ क्लिप आणि भोकाचं माप दोन्ही घेऊन जा.

तिसरं कारण बसवण्याच्या पद्धतीत असतं. पॅड दारावर ठेवून कडेकडेने मुठीने ठोकत गेलं तर एका बाजूच्या क्लिपा बसताना दुसऱ्या बाजूच्या तिरक्या होतात. त्याऐवजी वरची कड आधी काचेच्या पट्टीखाली नीट बसवा, लॉकचा आणि हँडलचा दांडा भोकांतून बाहेर आला आहे ना ते बघा. मग प्रत्येक क्लिपेचं टोक भोकासमोर आहे की नाही ते कडेतून बॅटरी लावून पाहा. एक जरी भोकाबाहेर असेल तर दाबल्यावर ती वाकेल किंवा बोर्डाची खाच फाडेल. सगळ्या जुळल्यावर क्लिपेच्या नेमक्या वर तळहाताने दाबा, वरून खाली. ‘टक’ असा आवाज येईल. आवाज आला नाही तर थांबा आणि बघा.

पॅड चढवण्याआधी काच किमान दहा वेळा पूर्ण वरखाली करा. मशीनच्या दात्यांवरचं जुनं वाळलेलं ग्रीस खरवडून लिथियम ग्रीस लावा. फेल्टच्या चॅनलला ग्रीस लावू नका, त्यात धूळ चिकटून काचेला ओरखडे पडतात. तिथे सिलिकॉन स्प्रे पुरे. मशीन आत्ताच जड असेल तर पॅड लावल्यावर ते हलकं होणार नाही, आणि पुन्हा काढावं लागलं की नवीन क्लिपांमधल्या दोन-तीन जातातच.

प्रश्न : काच फिरवायचं हँडल निघतच नाही. स्क्रू कुठे दिसत नाही. जोर लावला तर मोडेल अशी भीती वाटते.
— एक वाचक, सयाजीगंज

उत्तर : जोर लावू नका. मध्यावर टोपी असेल तर नखाने उचला, खाली स्क्रू असेल. टोपी नसेल तर हँडलच्या मुळाशी असलेली गोल चकती पॅडकडे दाबा. ती स्प्रिंगवर आत जाते आणि हँडलच्या मानेत आडवी पिन दिसते. ती ३ मिलिमीटरच्या पंचने किंवा टोक घासून बोथट केलेल्या खिळ्याने हळूच पलीकडे ढकला. पिनही नसेल तर घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप आहे. जुन्या सुती कापडाची पट्टी हँडल आणि चकती यांच्या मधून घाला, दोन्ही टोकं धरून डावी-उजवी ओढा. कापडाची कड क्लिपेत अडकते आणि ती बाहेर उडते, म्हणून दुसऱ्याला समोर हात धरायला सांगा. काढण्याआधी काच पूर्ण वर चढवून हँडलची दिशा खडूने खुणावून ठेवा. दोन्ही बाजूंची हँडलं एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटली पाहिजेत. पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये शंकूच्या आकाराची स्प्रिंग निघेल, ती जपा. तीच पॅडला चकतीशी टेकवून ठेवते. ती हरवली की पॅड खडखडतं.

प्रश्न : नवीन पॅड करतोच आहोत तर पुढच्या दारांत स्पीकर बसवून घ्यावेत का? गाडी १९६८ची आहे.
— एक वाचक, अलकापुरी

उत्तर : नको. एक तर जागा नाही. पॅड आणि खाली उतरलेली काच यांच्यातलं अंतर मोजा, स्पीकरच्या मागचं चुंबक त्यात मावत नाही आणि काच त्यावर येऊन अडते. दुसरं, पडद्याला कापलेल्या मोठ्या भोकातून पाणी थेट पॅडवर येतं, म्हणजे पहिल्या उत्तरातली सगळी मेहनत वाया जाते. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंद करताना चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांतला मोठा फेरफार बघितला जातो. नुसतं पॅड त्यात येत नाही. पण दाराच्या आतल्या पत्र्याला स्पीकरसाठी गोल भोक कापलं की ते बॉडीला हात लावणंच झालं, आणि लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात भरलेल्या प्रदर्शनासारख्या ठिकाणी परीक्षक दार उघडून आतही बघतात. गाणी ऐकायचीच असतील तर छोटी पेटी डॅशबोर्डखाली किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर पट्ट्याने बांधून ठेवा. ती एकही भोक न पाडता काढता येते.